काकांचं शेत ढगात

काकांचं भाताचं शेत ढगात नेऊन ठेवायचा माझा कधीच विचार नव्हता. मी फक्त स्वतःची वेबसाइट काढली होती.

झालं असं, की ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या वेबसाइट काढल्या, म्हणून मीही काढली. हाताची घडी घालून जरा तिरकं बघत फोटो काढला (तिरकं बघितलं की माणूस अनुभवी वाटतो!) आणि खाली झोकात इंग्रजीत ओळख लिहिली. कंपन्यांच्या जुन्या कंप्युटर यंत्रणा सुट्या करायच्या आणि इंटरनेटवरच्या 'क्लाउड'मध्ये हलवायच्या, एवढंच माझं काम. जुन्या यंत्रणेला आमच्यात 'लेगसी' म्हणतात. लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

कौतुक आलं नाही. काका आले! कृष्णराजनगरहून, सकाळच्या बसनं, काकूंना घेऊन. एरवी सणाशिवाय ते आमच्या म्हैसूरच्या अग्रहारातल्या घरी येत नाहीत. आजोबांचं शेत बाबांच्या आणि त्यांच्या नावावर आहे. बाबा म्हैसुरात मास्तरकी करत राहिले. शेत कसलं ते काकांनी.

"अण्णा, पोरीनं हे काय लिहिलंय?" चपला काढायच्या आधीच काकांनी बाबांपुढे फोन धरला. इंग्रजी येत नसल्यानं त्यांनी फोनकडूनच सगळं कन्नडात करून घेतलं होतं. बाबांनी चष्मा लावला, कन्नड वाचलं आणि खणखणीत मराठीत सांगितलं, "मी जुना वारसा मोडते. त्याचे लहान लहान तुकडे करते. आणि तो कायमचा ढगात पाठवते."

"तुकडे!" काकू मटकन खाली बसल्या. "अय्यो देवा, प्लॉट पाडणार ही!"

"काकू, ते शेताबद्दल नाहीच!"

"मग दुसरा कुठला वारसा आहे गं आपल्याला?"

(दुसरा नव्हताच.)

"मी आधीच म्हटलं होतं," आतून आई म्हणाली, "फोटोत हाताची घडी घालू नको. भांडायला निघाल्यासारखी दिसतेस."

"सुम्ने, उगाच थापा मारू नको," काका मला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "विकायचं तर विका. पण जगाला सांगायच्या आधी मला तरी सांगायचं."

मला येत असलेलं हसू तिथंच थांबलं. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सोपं करून सांगू लागले. "काका, कंपनीनं आपलं सामान स्वतःच्या जागेतून काढायचं आणि दुसऱ्याच्या कंप्युटरमध्ये भाड्यानं ठेवायचं. ते मी हलवून देते."

"स्वतःची जागा असताना?"

"हो."

"भाडं वाढतं?"

"वाढतं."

"आणि वर तुला पगार देतात?"

काकांचा राग गेला. त्या जागी माझ्या कंपनीबद्दल कणव आली.

तरी मजकूर बदलल्याशिवाय ते जेवायला बसेनात. त्यांनी सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं: 'मी जुनी कामं नव्या कंप्युटरवर हलवते. शेतीशी याचा काहीही संबंध नाही.' मग फोननं त्याचं कन्नड केलं, काकांनी ते दोनदा वाचलं आणि मगच सारभाताला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा मेसेज आला. 'तुझी वेबसाइट वाचली. तू आपल्याकडे नेमकं काय करतेस, ते आज पहिल्यांदा कळलं.'

पगारवाढीचा विषय मी त्या वर्षी काढलाच नाही.