दहा किलो मेथीचा हिशेब

"दहा किलो मेथी गेली कुठं? दहा किलो!" सर रिकाम्या पातेल्यावर डाव आपटून ओरडत होते. आवाज असा, की लातुरात बोलले तर निलंग्याच्या स्टँडवर एसटी बंद पडावी. "काल दहा किलो बटाटे दिले, सव्वाशे पोरी जेवून भाजी उरली. आज दहा किलोच मेथी दिली, तर तीस पोरी ताट घेऊन उभ्या! मावशी, पिशवीत काय नेता घरी?"

हे सर म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या मालकाचे मेहुणे. सकाळी क्लासमधे डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींना रसायनशास्त्र शिकवायचे, दुपारी माझ्या चुलीवर देखरेख. त्याच आठवड्यात त्यांनी माझं घमेलं बंद करून वजनकाटा आणला होता. भाजी कुठलीही असो, दहा किलो. जशी काय मेथी अन् बटाटा सख्ख्या बहिणी!

माझं सगळं माप घमेल्याचं. भूकंपात घर गेलं, त्यानंतर पत्र्याच्या शेडात अख्ख्या गावाचा स्वयंपाक मी घमेल्यावरच केला. बटाटा-वांगं सपाट भरायचं. पालेभाजी दाबून भरायची, वर शीग लावायची, अन् घमेली चौपट घ्यायची. काड्या जातात, पाणी जातं, डोंगराएवढी मेथी शिजून वारुळाएवढी होते. हे आमच्या गावात शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

पण चोर? धरणीनं माझं भांडंकुंडं नेलं, तिनंही मला चोर म्हटलं नव्हतं. अन् इथं सव्वाशे पोरींसमोर! ही गोष्ट त्यांच्या तोंडून गावभर झाली असती, तर लातुरातल्या एकाही खानावळीनं मला दारात उभं केलं नसतं. माझ्या डोक्यात अशी आग पेटली, की तिच्यावर दोन पोती तांदूळ शिजले असते.

"सर, तीस पोरी उपाशी हायत. कोपऱ्यावरून तीन किलो मेथी आणा. तुम्हीच आणा. माझ्या हातावर भरोसा न्हाई ना तुमचा?"

आणली. काट्यावर ठेवली, भरली तीन किलो. मग सरांना पाटावर बसवलं अन् निवडायला लावली. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस माती झाडत मेथी खुडत होता, अन् पोरी ताटं छातीशी धरून बघत होत्या. पाला काट्यावर टाकला. दीड किलोच्या वर काटा हलेना.

"बाकीची मी न्हेली का?" मी काड्यांचा ढीग पायानं पुढं सारला.

"काड्या... ते ठीक आहे," सर म्हणाले.

"ठीक न्हाई. उठा, चुलीपाशी या."

लसणाच्या फोडणीत पाला टाकला. पातेलं शिगोशीग भरलं. एक वाफ आली, अन् पाला खाली बसला. दुसरी वाफ आली, अन् बुडाशी हिरवा थर तेवढा उरला.

"माझे हात बघा, पदर बघा. कुठं गेली भाजी? आता म्हणा ह्या पोरींसमोर, मावशी चोर न्हाई. म्हणा!"

सरांनी पातेल्यात वाकून पाहिलं, रुमालानं बोटं पुसली, काटा उचलून काखेत मारला.

"उद्यापासून मेथी बंद," ते म्हणाले.