मावशींची दहा बोटं

बाळाला न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळलं, तरी मावशी ते लगेच आईच्या हातात देत नसत. आधी बाळाच्या तोंडावरून दोन्ही तळवे उतरवीत, मग बोटं स्वतःच्या कानशिलांवर दाबून कडाकडा मोडीत आणि मान किंचित तिरकी करून मोजीत. दहाही वाजली तर म्हणत, "वाजली दहाच्या दहा. न्या आता." एखादं बोट मुकं राहिलं, तर पुन्हा पहिल्यापासून. माझी नात सई सव्वा महिन्याची असताना एकदा त्या आठव्या बोटाशी चार वेळा अडल्या. सई भुकेनं रडत होती, माझी मुलगी न्हाणीच्या दारात हात पुढे करून उभी होती, आणि मावशी शांतपणे म्हणाल्या, "थांब गं बाय. अर्ध्यावर देत न्हाई मी लेकरू."

बोटं मोडण्याची ही रीत तुम्हीही पाहिली असेल. ती मोजणारं माणूस मी मात्र दुसरं पाहिलं नाही.

भूगावातल्या आमच्या इमारतीत त्या बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायला येत. पौड रस्त्यावरून आत एका वाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात त्या एकट्या. सकाळी वडापच्या रिक्षातून उतरायच्या, तेव्हा काखेत निरगुडीच्या पाल्याची जुडी असायची. सईच्या जन्माआधी वर्षभरच माझी पत्नी गेली होती. मराठवाड्यातल्या शाळेतली रसायनशास्त्राची नोकरी मी मुदतीआधी सोडली आणि मुलीकडे राहायला आलो. मूल कसं धरतात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मावशींनी मला पाहिलं, सईला माझ्या हातांवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मास्तर, खडू धरल्यागत धरू नगा. मोडत न्हाई ती."

सईचं न्हाणं सहा महिन्यांनी संपलं, मावशींचं येणं संपलं नाही. दुसऱ्या कुणाचं बाळ आटोपलं की जाताजाता आमच्याकडे चहाला थांबत. मुलगी आणि जावई हिंजवडीला कामाला गेलेले, सई पुढे शाळेत जाऊ लागलेली. मावशी बाल्कनीच्या दाराशी फरशीवर बसत, मी खुर्चीवर. आम्ही फारसं बोलत नसू. कधी त्या बशी खाली ठेवून म्हणत, "आज कुणाशी बोलले, ते आता तुमच्याशीच बगा." मी म्हणे, "मीही." मग दोघंही समोर उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीच्या परांचीकडे पाहत राहायचो. जवळजवळ पाच वर्षं असं चाललं. माझ्या दिवसातली ती वीस मिनिटं काढून घेतली असती, तर काय उरलं असतं, हे मी तेव्हा कधी तपासलं नाही.

सईला पाचवा वाढदिवस जादूगारांचा हवा होता. टोकदार टोप्या, झगे, जादूची कांडी आणि मंत्राचं सरबत. मुलगी म्हणाली, "बाबा, घरीच करू या. पण मला सुट्टी नाहीये, सगळं तुम्हीच बघाल का?" मी बघणार होतोच. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी करून दाखवायला सांगत होतं. सईनं फक्त एक अट घातली, "आजोबा, खरी जादू पाहिजे हं. मोबाईलमधली नको."

मी पंधरा दिवस राबलो. काळ्या कार्डशीटच्या अकरा टोप्या केल्या, त्यांवर सोनेरी कागदाचे तारे चिकटवले. मोठ्या पातेल्याला काळा कागद गुंडाळून जादूगाराची कढई केली. कांड्यांसाठी मी बाजारात काय काय शोधत होतो, तर मावशींनी निरगुडीच्या अकरा सरळ काड्या सोलून, वाळवून आणल्या. "या काडीच्या पाल्यात न्हालीत ही पोरं," त्या म्हणाल्या. "वळखतील." खरंच, सईसकट अकरा मुलांपैकी नऊ जणांना त्यांनीच न्हाऊ घातलं होतं.

खरी जादू माझ्याकडे होती. गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणी लिंबाच्या थेंबानं जांभळं होतं. वर्गात हा प्रयोग मी कितीतरी वेळा केला होता. फुलं मावशींच्या कुंपणावर होती, त्यांनी पदरात भरून आणली. पाणी निळं उतरलेलं पाहून त्या लहान मुलीसारख्या वाकून बघत राहिल्या. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की ही जादू मी नाही, मावशींनी करावी. मुलं त्यांना आजी म्हणतात. झगा घातलेली, पांढऱ्या केसांची आजी. याहून शोभणारं काय असेल?

"बाकी काय बी सांगा," त्या म्हणाल्या. "लिंबू तुमी कापा."

"का हो?"

"माझ्या हातात नगं लिंबू."

"मावशी, यात काही नाही. हे निव्वळ विज्ञान आहे."

"तुमचं इज्ञान तुमच्या घरात ऱ्हातंय, मास्तर. मला वाटंनं घरी जायाचं असतंय."

मी हसलो. हे हसणं मला आजही ऐकू येतं. तीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनावर मी परिपाठात बोललो होतो. समोरच्या बाईला कशाची भीती आहे, हे विचारण्याऐवजी ती भीती खोटी आहे हे सिद्ध करण्याची मला घाई झाली. विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं. तेवढा थांबलो नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी झगा म्हणून मी कपाटातून पत्नीची संक्रांतीची काळी साडी काढली. मावशींनी काठावरून बोट फिरवलं. "कुणाची?" मी म्हणालो, "हिची." "मंग घेते," म्हणाल्या आणि खांद्यावर ओढून घेतली. तरी लिंबाला हात लावीनात. शेवटी सईनं त्यांचा पदर धरला, "आजी, तूच कर ना! तूच खरी आहेस!" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

काचेच्या अकरा पेल्यांत निळं पाणी. एकेका पेल्यावर मावशी लिंबू पिळत होत्या, ओठ हलत होते. त्या थेंब मोजत होत्या, कुणाला कमी पडू नये म्हणून. पाणी जांभळं झालं आणि मुलं अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. मावशीही हसल्या, तोंडावर हात धरून. त्या इतक्या मोकळ्या हसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी मोबाईलवर हे सगळं टिपत होतो. त्या रात्रीच ती चित्रफीत इमारतीच्या गटावर टाकली आणि वर माझ्या हातानं लिहिलं, 'आमच्या इमारतीची खरीखुरी चेटकीण.'

लोकांनी हसरे चेहरे पाठवले. मी ते मोजलेही.

चित्रफीत गटात राहिली नाही. आमच्याकडे दूध घालणारे, झाडलोट करणारे, गाड्या धुणारे लोक याच वाड्यांमधले. कुणीतरी पुढे पाठवली, कुणीतरी शेवटचं मुलांचं किंचाळणं कापलं. उरली ती काळी साडी पांघरलेली म्हातारी, पुटपुटणारे ओठ, तिच्या हातातलं लिंबू आणि रंग बदलणारं पाणी. वर माझे शब्द तसेच.

आठवड्याभरात मावशी चहाला येईनाशा झाल्या. थंडी वाढली असेल, असं मी धरून चाललो. तिसऱ्या मजल्यावर एका तरुण जोडप्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येणार होतं, मावशींचं तिथलं काम ठरलं होतं. त्या बाळाच्या अंगाखाली घ्यायला जुन्या सुती साड्या धुऊन ठेवल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. तो तरुण मला लिफ्टमध्ये भेटला.

"सर, त्या मावशींचं काय ते? आमच्या कामवाल्या ताई म्हणतात, गावात त्यांच्याबद्दल फार पूर्वीपासून काहीतरी बोलतात. आई घाबरल्यात. तुम्ही त्यांना चांगलं ओळखता ना?"

लिफ्ट पहिल्या मजल्यावरून दुसऱ्याकडे जात होती. पाच वर्षांचा चहा माझ्या बाजूला उभा होता. 'ओळखतो, माझ्या नातीला त्यांनी वाढवलं आणि ते शब्द माझे आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्या शब्दांचा हिशेब मलाच द्यावा लागला असता.

"मला तितकीशी माहिती नाही," मी म्हणालो.

तिसरा मजला आला. तो उतरला.

महिन्याभरानं त्यांच्या न्हाणीतून पाण्याचा आणि बाळाच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. न्हाऊ घालणारी बाई वेगळी होती. मी त्या जिन्यावर थांबून ऐकलं. रडणं थांबलं, दार उघडलं, मूल लगेच आईकडे गेलं. मध्ये काहीच वाजलं नाही. त्या दुपारी मी सईला घेऊन मावशींच्या वाडीला गेलो.

दारात गोकर्णाचा वेल होता. मावशी उंबऱ्याशी बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, चहा ठेवला. साखर जास्त घातली, सईला आवडते म्हणून. मी बोलायला सुरुवात केली, पण माझी वाक्यं फार व्यवस्थित येत होती. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमी पोरांसाठी केलंत."

मग त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी याच वाडीत त्यांच्या दिराचं बाळ त्यांनी न्हाऊ घातलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. "निमोनिया व्हता, डाक्टरनं लिवून दिलं व्हतं. पर शेवटचं पाणी माझ्या हातचं. मंग हितं कुणी बाळ दिलं न्हाई माझ्याकडं. तुमच्याकडं बिल्डिंगी झाल्या, तितं कुणी वळखत नव्हतं. म्हनून तर लांब यायची." त्यांनी बशी खाली ठेवली. "पोर हातात आलं की दिस जातो हो. न्हाई तर लई मोटा असतो दिस."

मी म्हणालो, मी गावात येऊन सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो.

"काय सांगनार? मी चेटकीण न्हाई म्हनून?" त्या हसल्या, पण तोंडावर हात न नेता. "तुमी तसं सांगितलं, की ज्याला ठावं न्हाई त्याला बी ठावं होईल."

बहिणीकडे, धरणापलीकडे निघून जायचं त्यांचं ठरलं होतं. आतून त्यांनी काळी साडी आणली, धुतलेली, घडी केलेली. ती त्यांनी माझ्या हातांवर ठेवली तेव्हा मला जाणवलं, की साडी ठेवताच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. सई त्यांच्या मांडीला टेकली होती. सई जवळ असताना मावशींनी तिला हात लावला नाही, असं मी पाच वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"आजी, माझी बोटं मोड ना," सई म्हणाली. तिच्या भाषेत दृष्ट काढण्याला हेच नाव होतं.

"आज न्हाई, बाय. थंडीनं वाजत न्हाईत."

"वाजतील. कर ना."

मावशींनी कुंपणापलीकडे पाहिलं. रस्त्यावर दोन बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. "तुमची पोर हाय, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "तिला कशाला बोल लावून घेता?"

त्या रात्री मी इमारतीच्या गटावर लिहिलं. शब्द माझे होते, मावशींना मी ते करायला लावलं, आणि त्यांच्याबद्दल विचारल्यावर मी खोटं बोललो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तरुणानं नुसतं जोडलेल्या हातांचं चिन्ह पाठवलं. आणखी कुणी काही लिहिलं नाही. उन्हाळ्यात मी पुन्हा वाडीला गेलो, तेव्हा दाराला कुलूप होतं आणि वेल कडीपर्यंत चढला होता. धरणापलीकडचं गाव कोणतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. शेजारच्या घरी विचारलं, तर दार अर्धंच उघडलं.

काळी साडी कपाटात आहे. तिला पत्नीचा वास येत नाही आता, निरगुडीचा येतो.

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते त्या थंडीतल्या दुपारी, परत निघताना. रिक्षा वळणाशी आली, तेव्हा सई मागच्या फटीतून बघत होती, म्हणून मीही पाहिलं. पाणी भरणाऱ्या बायका निघून गेल्या होत्या. मावशी दारात एकट्या उभ्या होत्या. त्यांनी पदराखालून दोन्ही हात काढले, आमच्या दिशेनं हवेतच वरून खाली फिरवले आणि कानशिलांवर नेले. मान किंचित तिरकी झाली. मग त्यांनी हात पुन्हा उचलले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रिक्षा वळली. किती वाजली होती, ते मला ऐकू आलं नाही.