काळ्या पट्टीखालचं वाक्य

झाकलेली वस्तू दिसली की जिवाची उलघाल होणारे अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच गृहस्थ असतील, आणि ते नेमके माझे साडू निघाले. आमच्याकडे आले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात. एकेका पातेल्यावरचं झाकण उचलून आत डोकावल्याशिवाय ते पाणीसुद्धा घेत नाहीत. जन्मभर एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात पोती उघडून दाणा तपासला, त्यामुळे बंद तोंडावर त्यांचा विश्वासच नाही, मग ते पोत्याचं असो की माणसाचं. माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी स्टेजवरच आहेराची खोकी फोडायला घेतली. मी हात धरला तर म्हणाले, "साडूभाऊ, आत काय हाय ते पोरीला कळाया नको का? मंग जल्दी कळलं तर काय बिघडलं?" निघाली सगळी भिंतीवरची घड्याळं. नवरी खो खो हसली. व्याही मात्र पुढे बरेच दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाच्या हाती काळ्या पट्ट्या मारलेला कागद द्यावा म्हणजे कमालच! त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमची आक्का, भोकरदनजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायची. पोरांचा खाऊ घरी नेते अशी कुणीतरी तक्रार केली, चौकशी झाली आणि काय निघालं ते न सांगताच तिला घरी बसवलं. आक्काने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. रस्त्यात पोरांनी "बाई" म्हणून हाक मारली तरी पदर पुढे ओढून झपाझप निघून जायची. साडूंनी माहितीच्या अधिकारात चौकशीचा अहवाल मागितला. आला तो असा, की वर शिक्का, खाली सही आणि मधे नुसता डांबरी रस्ता. कारण काय, तर त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती.

साडूंनी तो कागद उन्हात धरला, खिडकीच्या काचेला लावला, रॉकेलच्या बोळ्याने पुसला. मग अपिलं केली. तिथेही पट्टी हलेना, तेव्हा थेट संभाजीनगरचं खंडपीठ गाठलं. सुनावणीला धपाट्यांचा डबा, आक्का आणि मी, असा सगळा लवाजमा होता. न्यायमूर्तींनी मूळ अहवाल बंद लिफाफ्यात मागवला होता. त्यांनी तो फोडला आणि एकट्यानेच शांतपणे वाचला. साडू खुर्चीतून अर्धे उठून माझ्या कानात म्हणाले, "बघा, उघडून राह्यले!"

"ही त्रयस्थ व्यक्ती कोण?" न्यायमूर्तींनी विचारलं.

सरकारी वकिलांनी कागद चाळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अर्जदाराच्या पत्नी. ज्यांची चौकशी झाली त्याच."

कोर्टात खसखस पिकली. साडू हसले नाहीत. आमचे वकील त्यांचा सदरा ओढत असतानाही ते उठलेच. "साहेब, त्या हितंच बसल्यात. त्यांची हरकत हाय का, त्यांनाच इचारा."

आक्का उभी राहिली आणि तिने नकारार्थी मान हलवली. तक्रारदाराचं नाव तेवढं झाकलेलं ठेवून बाकी सगळं द्या, असा आदेश झाला. साडू त्या एका पट्टीसाठीही भांडतील अशी मला धास्ती होती, पण ते म्हणाले, "बराबर हाय. त्याचं नाव घेऊन काय करायचं?"

नवी प्रत आली त्या दिवशी मी तिथेच होतो. आक्काने ओसरीवर बसून वाचलं, 'सेविकेवरील आरोपात तथ्य आढळले नाही.' वाक्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "अवो, इतकी वर्षं झाली, पण तू खाऊ नेल्ता का, असं मला कधी इचारलं न्हाई तुमी. मला वाटायचं, तुमालाच शंका हाय, म्हणून तुमी हे खणून राह्यले."

साडूंनी झटकन मान वर केली. इतका गोंधळलेला माणूस मी पाहिला नाही.

"मला? मला कशाची शंका? मला मालूमच व्हतं की. ते गावाला दाखवायचं व्हतं."

आक्काला तेव्हा कुठे रडू फुटलं.