पडण्याची ड्यूटी

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साचतात. एक, फेल गेलेले पट्टे. दोन, त्या पट्ट्यांचे किस्से. पट्टे आम्ही खोक्यात भरून माळ्यावर टाकतो, पण किस्से कुठं टाकायचे? म्हणून भेटेल त्याला सांगत सुटते मी. घरी तर अशी गत झालीय, की मी "अगं बाई, आज काय झालं माहितीये का" म्हणलं की नवरा आधीच हसून घेतो आणि म्हणतो, "झालं माझं हसून. आता जेवू."

आधी काम काय ते सांगते. धाराशिवला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं बसतो. मी वैशाली, पट्ट्याचं डिझाइन माझ्याकडं. सर्किट इरफान बघतो, ॲप सोनाली बघते. म्हाताऱ्या माणसांनी मनगटाला बांधायचा पट्टा आम्ही बनवतोय. माणूस पडलं की पट्टा आपोआप त्याच्या मुलाला फोन लावतो. मुलानं नाही उचलला तर दुसऱ्या नंबरला. सिम पट्ट्यातच, स्पीकर पट्ट्यातच, म्हणजे पडल्या जागेवरून बोलता येतं. वर एक लाल बटण, ते दाबलं तरी फोन लागतो. ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

*

पहिली अडचण अशी, की पडणं म्हणजे काय हे पट्ट्याला शिकवावं लागतं. त्यासाठी कुणीतरी पडावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना ढकलून देता येतं का? मग आम्हीच गाद्या आणल्या, खोलीभर अंथरल्या आणि पडायला लागलो.

आमच्यात सगळ्यात झकास पडतो तो इरफान. पुढं पडतो, मागं पडतो, भिंत धरत धरत घसरतो, पाय अडकून आडवा होतो. सोनाली लॅपटॉपसमोर बसून नुसतं "परत" म्हणायची. मी मोठ्यानं "अजून जोरात! नीट पड की रे!" म्हणून ओरडायची. सकाळपासून दुपारपर्यंत धाडधाड. खाली गिरणीत पीठ पडायचं, वर इरफान पडायचा.

दोन-तीन दिवसांनी गिरणीवाल्या काकू जिना चढून वर आल्या. हातात हळदीचं दूध. इरफान गादीवर आडवा पडून कण्हत होता. काकूंनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दूध त्याच्यासमोर ठेवलं आणि मला हाताला धरून गॅलरीत नेलं. हळूच म्हणाल्या, "पोरी, लेकरू गुणाचं दिसतंय. काय चुकलं असंल तर तोंडानं सांगावं की."

*

आता गयाबाई. ह्यांच्याबद्दल सांगताना मात्र माझा जीव वरखाली होतो.

भूमकडं एका गावाच्या रानात गयाबाई एकट्या राहतात. सोबतीला शेळ्या. गेल्या थंडीत गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि सकाळपासून पार दुपारपर्यंत तशाच पडून राहिल्या. शेजारचा माणूस बैलं सोडायला आला तेव्हा कुठं कळलं. मुलगा सुरेश पुण्याला कंपनीत आहे. तो धावत आला आणि म्हणाला, बास झालं, आता पुण्याला चल. गयाबाई म्हणाल्या, "तिथं नेऊन मला खिडकीत बसवशील. खिडकीत बसून करू काय मी?"

शेवटी मायलेकांचं ठरलं ते असं. गयाबाईंनी आमचा पट्टा घालायचा. दसऱ्यापर्यंत सुरेशची खात्री पटली, तर आई रानातच राहणार. नाही पटली, तर शेळ्या विकायच्या आणि आईनं पुण्याला जायचं. संक्रांतीला आम्ही पट्टा बांधून आलो. एका बाईचं सगळं घरदार आपल्या पट्ट्यावर टांगलंय, हे परत येताना गाडीत डोक्यात शिरलं.

दोनच दिवसांत सुरेशचा फोन. आई हलतच नाहीये, ॲपवर सगळं सपाट दिसतंय! आम्ही गाडी काढली ती थेट रानात. बघतो तर गयाबाई शेळ्यांना पाला तोडून टाकायल्यात, आणि मनगट मोकळं. मी म्हणलं, आजी, पट्टा कुठंय? त्या आत गेल्या, ट्रंक उघडली, इरकली लुगडं काढलं, त्याची घडी उलगडली, त्यात रुमाल, आणि रुमालात पट्टा. जोडीला डांबराच्या गोळ्या. "चांगली वस्तू हाय," म्हणाल्या, "लग्नाकार्याला घालीन की. रोज घातला तर खराब हुईल."

आम्ही किती ठिकाणी हेच बघितलं नंतर! एका अप्पांनी तर पट्टा देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि स्पीकरच्या भोकांत अक्षता. महिनाभर डोकं खाजवून मी शेवटी काय केलं, तर पट्ट्याचा चकचकीतपणाच काढून टाकला. मळकट तपकिरी रंग, खरबरीत कापड, अगदी रोजच्या वापराचं दिसेल असं. पुण्याच्या मीटिंगमध्ये आमच्या कामात पैसे घालणारे साहेब म्हणाले, हे फारच साधं दिसतंय. मी म्हणलं, सर, त्यासाठीच तर एवढी मेहनत घेतली!

*

उमरग्याकडच्या एका गावात भजनी मंडळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आम्ही एकदम पट्टे दिले. केवढी खूश होते मी! एका गावात इतकी माणसं, रोजचा डेटा, अजून काय पाहिजे?

गुरुवारी भजन रंगात आलं. टाळ वाजायला लागले, मंडळी उठून पावल्या खेळायला लागली, आणि एका ठेक्यावर सगळ्यांनी मिळून जी उडी मारली, ती पट्ट्यांना पडणं वाटली. सगळे पट्टे एकदम! पुण्याला फोन, सोलापूरला फोन, हैदराबादला फोन. आता विचार करा, गावातली सगळी म्हातारी माणसं एकाच क्षणाला पडली, असं पोरांना कळलं तर पोरं काय समजतील? तुमच्याकडं काय समजतील ते माहीत नाही. आमच्या भागात एकच गोष्ट समजतात. भूकंप.

पोरांनी एकमेकांना फोन लावले, ग्रामसेवकाला लावला, एकजण तर हैदराबादहून गाडी काढून निघालासुद्धा. आपल्याकडं त्र्याण्णव साली भूकंपानं गावंच्या गावं गाडली, त्यामुळं त्यांना नावं ठेवायची सोय नाही. मंडळाचे बुवा होते त्यांच्या मनगटातून त्यांच्या मुलाचा रडवेला आवाज यायला लागला. बुवांनी टाळ थांबवला नाही. तोंड नुसतं मनगटाजवळ नेलं आणि म्हणाले, "कुणी पडलं न्हाय. नाचायलोत. अभंग हुईपर्यंत दम धर."

त्यानंतर महिनाभर आमच्या ऑफिसात सकाळ-संध्याकाळ टाळ. इरफान पट्टा बांधून टाळ वाजवायचा, टाळ्या पिटायचा, उड्या मारायचा, धपकन मांडी घालून बसायचा आणि पट्ट्याला समजवायचा की बाबा रे, हे पडणं नव्हे. काकू आता वर यायच्या बंद झाल्या होत्या. खालून प्रसाद पाठवायच्या.

*

इरफान एवढा हुशार, पण त्याची फजिती झाली ती घरातच.

उन्हाळा लागला की म्हातारी माणसं पाणी प्यायचं विसरतात, म्हणून आम्ही पट्ट्यात सोनालीचा आवाज भरला. तासातासाला लाडात म्हणणार, "पाणी पिलं का? घोटभर तरी प्या बरं." पहिला पट्टा कुणाला? इरफानच्या अब्बांना. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, शिस्तीचा माणूस, मुलाचं काम म्हणल्यावर पट्टा क्षणभर काढणार नाहीत.

आणि ही आमची शहाणी मंडळी विसरली, की रमजान तोंडावर आला होता!

अब्बांचा रोजा. पट्टा तासातासाला पाणी प्या म्हणतोय. नमाजला बसले तरी म्हणतोय, बाजारात चारचौघांत म्हणतोय, दुपारी जरा डोळा लागला तर उठवून म्हणतोय. पट्टा काढला तर मुलाचं नुकसान, म्हणून अब्बा तीन-चार दिवस तसेच ऐकून घेतायत. मग एकदा इफ्तारला खजूर तोंडात टाकून शांतपणे इरफानला म्हणाले, "मशीन अच्छी है बेटा. पन इसकू रोजा मालूम नै."

इरफान दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला तो खाली मान घालूनच. सोनालीनं त्याला विचारलं, पाणी पिलं का? तो तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

*

इकडं गयाबाई साधा दिसणारा पट्टा रोज घालायला लागल्या. मी तर हवेत होते! आणि मग त्यांना लाल बटण सापडलं.

दुपारची वेळ. सुरेश मीटिंगमध्ये. फोन वाजला, स्क्रीनवर 'आई, पट्टा'. बिचारा खुर्ची पाडून बाहेर पळाला. पलीकडून शांत आवाज, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी, आज भाजी कसली होती. सुरेशनं समजावलं, आई, हे संकटात दाबायचं बटण आहे. तर म्हणाल्या, "साध्या फोनवरनं लावलं की मीटिंगमधी हाय म्हणून कट करतूस. ह्येच्यावरनं लावलं की पहिल्या घंटीला उचलतूस."

मला हे ऐकून इतकं हसू आलं! पण सुरेशचा फोन आला तेव्हा हसू पळालं. माणूस खरंच रडकुंडीला आला होता. "मॅडम, आई पडली असं समजून मी रोज मरतोय हो," म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

पोळा झाला आणि त्यानं कळवलं, की दसऱ्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. रविवारी आईला न्यायला येतोय, शेळ्यांना गिऱ्हाईक बघितलंय, तुम्ही तुमचा पट्टा घेऊन जा. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आम्हीच त्या बाईला रानातून उठवतोय असं वाटलं.

रविवारी आम्ही तिघं पोचलो तेव्हा सुरेशची गाडी दारात उभी होती. गयाबाईंनी बांधाबांध काहीच केली नव्हती. चुलीपुढं बसून सगळ्यांसाठी भाकरी थापायल्या होत्या. सुरेशनं त्यांच्या मनगटाचा पट्टा सोडला आणि आम्हाला दाखवायला स्वतःच्या मनगटाला बांधला. म्हणाला, बटणाचं सोडाच, त्या भजनाचं ऐकलंय मी, हा टाळ्या-उड्यांनीही कसा उगीच बोंबलतो ते तुमच्या डोळ्यांनी बघा. त्यानं दणदण टाळ्या वाजवल्या. पट्टा गप्प. ओट्यावर धपकन बसला. गप्प. ओट्यावरून खाली उडी मारली. तरी गप्प! इरफान माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसायला लागला. सुरेश वैतागला, बंदच पडलाय म्हणाला, आणि तसाच तडक गोठ्यात गेला, गिऱ्हाईक यायच्या आत शेळ्या बाहेर काढायला.

सगळ्यात थोरल्या शेळीचं दावं त्यानं हाताला गुंडाळलं. शेळीनं उघडं दार बघितलं आणि जो हिसका दिला, तो गडी ओल्या जमिनीवरून सरळ उताणा, लेंड्यांत.

पट्ट्यातून सोनालीचा गोड आवाज आला, "पडल्याचं कळलंय. फोन लावतेय."

इरफाननं दोन्ही हात वर केले. "पकडलं! एका झटक्यात पकडलं!" सोनाली नाचायला लागली. आणि देवाशपथ, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग सुरेशच्या घोट्याकडं लक्ष गेलं. चांगलाच सुजायला लागला होता.

पट्ट्यानं पहिला फोन लावला तो सुरेशलाच. त्याच्या खिशात मोबाईल वाजतोय आणि ह्याला कुशीवर वळता येईना. मग पट्ट्यानं दुसरा नंबर लावला. तो होता पुण्याला सुरेशच्या बायकोचा, मीनाचा. पहिल्या घंटीला उचलला. सुरेशच्या मनगटातून तिचा घाबरा आवाज गोठाभर घुमायला लागला, "आत्या, हलू नका! कुठं लागलंय? अहो आत्या, बोला ना!"

सुरेशनं तोंड उघडलं, पण कळ अशी आली की शब्द फुटेना.

गयाबाई पिठाचे हात लुगड्याला पुसत आल्या. लेकाशेजारी खाली बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरचे केस मागं सारले. मग त्याचं मनगट धरून आपल्या तोंडाजवळ नेलं आणि म्हणाल्या, "मीना, मी न्हाय पडले. तुजा नवरा पडलाय. तू काय घाबरू नको, मी हाय की हितं."