सायसिंगची होळी आणि कंपनीचा बॉण्ड

मोठी गाडी फुकट शिकवतो असं कोणी तुम्हाला म्हणालं, तर मध्येच सोडून जायची किंमत किती, हे तुम्ही आधी विचाराल का?

सायसिंगने विचारलं नव्हतं. त्याने मला फक्त कंपनीच्या बॉण्डचा (कराराच्या कागदाचा) फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, सोमवारी सही आहे. बघ जरा." तो सातपुड्यातल्या काठी गावचा. द्राक्षांच्या हंगामात नाशिकला येऊन पिकअप चालवायचा. मी मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे, त्यातून ओळख झाली. पत्रकं माझ्या घरातच तयार व्हायची. लहानपणी गणितं सोडवली तीसुद्धा त्यांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे छापील कागद हातात आला की माझी नजर आधी बारीक अक्षरांवर जाते.

या कागदात बारीक अक्षरंच फार होती. ट्रकचं शिक्षण मोफत, राहणं मोफत. शिकताना थोडं विद्यावेतन, पण त्यातून जेवणाचे पैसे कापणार. पुढे दोन वर्षं त्याच कंपनीची गाडी चालवायची. आधी सोडलं तर शिक्षणाचा सगळा खर्च परत द्यायचा. तो किती, ते 'कंपनी ठरवेल'. मूळ लायसन्स कंपनीकडे जमा. आणि तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी घेतली, तर नोकरी सोडली असंच धरणार.

मी नाशिकहून पहिली एसटी पकडली.

नंदुरबारच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन लालभडक दिसायला लागली. मिरचीच्या पथारी (मिरची वाळत घालायची मोकळी मैदानं). मी खिडकी उघडी ठेवली होती, मग स्टँडपर्यंत शिंकत राहिले. शेजारच्या बाई पदर नाकाला लावून निवांत बसल्या होत्या. "नवी शेस का वं?" (नवीन आहेस का गं?) त्यांनी विचारलं आणि खिडकी स्वतःच ओढून घेतली.

अक्कलकुव्याहून डोंगरात जाणाऱ्या जीपमध्ये पुढची जागा मिळाली. चालक तळोद्याकडचा, बोलका. कशासाठी आले ते ऐकून म्हणाला, "ट्रक शिकाले? मन्हा भाचा बी गयथा. शिकाडतस चांगलं, खोटं कसाले बोलू? पन लायसन ठी लिधं त्यासनी. आते दुसरीकडे गाडी भेटत नई त्याले." (माझा भाचाही गेला होता. शिकवतात चांगलं, पण लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं. आता दुसरीकडे गाडी मिळत नाही त्याला.)

"मग मागत नाही का तो?"

"मांगस ना! आते तर त्याना सासरा बी मांगस." (मागतो ना! आता तर त्याचा सासराही मागतो.)

अख्खी जीप हसली. मला हसू आलं नाही. घाटात वळणामागून वळण येत होतं. खाली सागाची वाळलेली पानं पसरली होती, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: कंपनी ठरवेल.

सायसिंगच्या आईने ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. डाळ इतकी चवदार की मी न विचारता दुसऱ्यांदा घेतली. जेवताना सायसिंगने सहज सांगितलं की होळीला तो घरी असणार, कारण तो बुध्या आहे. काठीच्या होळीत नवस बोललेले तरुण अंगाला राख फासून, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात; तेच बुध्या. त्याआधी काही दिवस पाळणी (होळीचं व्रत) असते. पायात चप्पल नाही, खाटेवर बसणं नाही. आई आजारी असताना सायसिंग पाच होळ्यांचा नवस बोलला होता. झाल्या दोनच.

माझा घास हातातच राहिला. "सायसिंग, कागदात तीन दिवसांचं कलम आहे. तू पाळणीला आलास तर बॉण्ड मोडला असं धरतील. खर्च मागतील, लायसन्स देणार नाहीत."

"कंपनीचे साहेब फोनवर बोलले, बघू म्हणून."

"एखादं वर्ष नाही चालत मध्ये सोडलेलं?"

"ताई, नवस काय एसटी आहे, मध्येच उतरायला?"

आईने आमचं मराठी किती समजून घेतलं कोण जाणे, पण तिने हातातला पळा खाली ठेवला.

सोमवारी आम्ही डोंगर उतरून नंदुरबारला आलो, तिथून पॅसेंजरने खांडबाऱ्याला आणि पुढे रिक्षाने महामार्गाकडे. प्रशिक्षण केंद्राचं मैदान मोठं होतं. एक लांबलचक ट्रक दोन खांबांच्या मधून मागे येत होता आणि उस्ताद ओरडत होते, "आरशात बघ, माझ्याकडे काय बघतोस, मी काय नवरी आहे?" सायसिंग चालता चालता थांबला. त्या गाडीकडे तो असा बघत होता की त्याला परत फिर म्हणायचं माझ्या ओठावर आलेलं मी गिळलं.

कार्यालयात चष्मा लावलेले व्यवस्थापक होते. त्यांनी मला खुर्ची दिली. आणखी पाच नवे तरुण आले होते, धडगाव-नवापूरकडचे. मी कलमं काढून बोलायला लागले, तर सायसिंगने मला हाताने थांबवलं.

"साहेब, सगळं बोलून सांगा. या सगळ्यांसमोर."

एवढं म्हणून तो जमिनीवर बसला. बाकीचेही अर्धगोल करून बसले. त्यांच्या गावात करार असाच होतो: बोलायचं मोठ्याने, ऐकणारे पंच. व्यवस्थापक हसले, पण बोलले. पगार किती, फेरीचा भत्ता किती, डिझेल जास्त लागलं तर काय कापणार, सगळं. मग म्हणाले, "होळी ना? काठीची होळी मला माहीत नाही होय! पाळणीसकट रजा दिली. झालं?"

"झालं," सगळे एका सुरात म्हणाले.

"मग हे कागदावर लिहा," मी म्हणाले.

सायसिंगचा चेहरा उतरला. "ताई, माणूस चार जणांत बोललाय. आता लिही म्हणायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं." आणि त्याने सही केली. लायसन्सचं कार्ड टेबलाच्या खणात गेलं. "मोबाईलमध्ये त्याची प्रत असतेच की," व्यवस्थापक मला समजावत म्हणाले.

मी स्टेशनवर परतले. चहाच्या टपरीवर त्याच कंपनीचा शर्ट घातलेला एक ड्रायव्हर भजी खात होता. मी त्याला रजेचं विचारलं.

"कोणी दिली? चष्मेवाल्याने? तो होळीपर्यंत राहतोय होय! इथे साहेब टायरसारखे बदलतात, ताई. माझी रजा कबूल करणारा आता वापीला असतो. नवीन म्हणतो, दाखव कुठे लिहिलंय."

माझी गाडी फलाटाला लागत होती. ती सोडली आणि रिक्षा शोधायला धावले. सही तर झाली होती. आता काय सांगणार होते मी त्याला?

जे ऐकलं तेच सांगितलं. सायसिंगने त्यांच्या बोलीत बाकीच्यांना सांगितलं. धडगावचा गुलाब नावाचा तरुण उठला. "ऐकलं आपण. मग जायचंही आपणच." त्यांच्याकडे दिलेला शब्द डळमळला, तर ऐकणाऱ्यांनी आधी शब्द देणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं असतं. न गेलेल्याला पुढे कोणी पंचात बसवत नाही.

मीही निघाले, तर गुलाब म्हणाला, "ताई, तुम्ही नको. तुम्ही पंचात नव्हता. खुर्चीवर होता."

मी खिडकीबाहेर उभी राहिले. आत व्यवस्थापकांचा आवाज चढला. "लिहून कशाला? बोललो ना मी? विश्वास नसेल तर सामान उचला!" सहा जणांची नोकरी सुरू व्हायच्या आधीच जाते की काय!

गुलाब शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं. तुमच्यावर विश्वास आहे. पण तुमच्यामागून जो येईल, तो आज इथे नव्हता. त्याच्यासाठी लिहा."

मग खण ओढल्याचा आवाज आला, शिक्का आपटल्याचा.

सायसिंग कागद घेऊन बाहेर आला. कराराच्या पाठीवर दोन ओळी: दरवर्षी होळीला पाळणीसह रजा, ती गैरहजेरी धरली जाणार नाही.

"आणि लायसन्स?"

"ते नाही म्हणाले."

"खर्चाचा आकडा?"

"तोही नाही." पण तो हसत होता. "ताई, होळीला ये. नाचताना बघ."

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर कापसाची रानं मागे पडत होती, आणि मला चैन नव्हतं. सायसिंग चांगला ड्रायव्हर होईल, यात शंका नाही. तिथे शिकवतातही मन लावून. पण शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचं लायसन्स खणात कोंडून का ठेवावं लागतं? पगार बरा असेल, वागणूक बरी असेल, तर माणूस राहतोच. जो कुलूप लावतो, त्याला ठाऊक असतं की दार उघडं ठेवलं तर आतले निघून जातील. आणि ही पद्धत नंदुरबारात संपत नाही. आपली द्राक्षं, आपला कांदा, आपल्या कारखान्यातला माल असेच ट्रक वाहून नेतात.

म्हणून नाशिककरांनो, एक काम करा. या आठवड्यात तुमच्या दारात, दुकानात, शेतावर जो ट्रक उभा राहील, त्याच्या ड्रायव्हरला आधी चहा द्या आणि विचारा, "दादा, तुमचं मूळ लायसन्स तुमच्या खिशात आहे ना?" तो नाही म्हणाला, तर त्याचं नाव कुठेही न घेता, ज्या कंपनीला तुम्ही भाडं देता तिला त्याच दिवशी लिहून कळवा: सगळ्या ड्रायव्हरांची लायसन्सं त्यांच्या हातात द्या, त्यानंतरच आमचा माल उचला.