गुडघाभर पाण्यात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत तर नाहीच. तुम्ही माझ्या गावचे नाही, मला ओळखत नाही – कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगते आहे.

संघटनेची पत्रकं लिहिणं माझं काम. समोरच्याचा एक शब्द पकडायचा आणि भर सभेत त्याला सोलून काढायचं, यात मला तोड नव्हती. खाडीच्या मुखातली वाळू उपसून मोठ्या पर्यटन बोटी आत आणायचं ठरलं, तेव्हा मी पेटले. खाडी कुणाच्या बापाची आहे? विचारलंत कुणाला? पण नुसतं 'नको' ओरडून भागत नाही. लोक विचारतात, मग हवं काय?

उत्तर मेल्विनकडे होतं. मेल्विन माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने सपाट बुडाची शिडाची होडी बांधली होती. वाऱ्याने ती आडवी सरकू नये म्हणून तिच्या पोटाखाली एक फळी – खोल पाण्यात खाली सोडायची, उथळ आलं की दोरीने वर ओढायची. मालवणहून देवगडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वाटेत हव्या त्या खाडीत शिरायचं, घमेलंभर वाळूही न उपसता. खरंच जमतं का, हे बघायला आम्ही दोघं निघालो.

समुद्रात ती सुरेख गेली. आमच्या खाडीच्या मुखाशी मेल्विनने फळी वर घेतली आणि – कसं सांगू? – होडीची पाण्यातली पकडच सुटली. नाक खाडीकडे, अंग मात्र आडवं, वाऱ्याबरोबर खडकांकडे. सुकाणू फिरवलं तरी ढिम्म. मी ओरडत होते. मेल्विनने उडी टाकली आणि खांदा लावून तिला खडकापासून रेटून धरलं. लाट ओसरली तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला होतं.

"गो, नीट लिव," चिंब भिजलेला तो म्हणाला. "हितक्या पाण्यात ती तरता. चलणा नाय. शब्द फिरवू नको, तुका खोड आसा ती."

मी हसले. आणि घरी येऊन लिहिलं – 'गुडघाभर पाण्यातही डौलात चालते!'

का? 'तरते'ला टाळी पडत नाही. एवढंच.

पत्रक वाचून बंदरावरची शबाना आली. तिच्याकडे पाहुणे उतरतात, त्यांना फिरवायला होडी हवी होती. मेल्विन गोव्यात बहिणीकडे गेलेला, होडी माझ्या हवाली. शबानाबरोबर तिचे अब्बा होते. जन्म इंजिनाच्या होड्यांवर गेलेला माणूस, शिडाची पहिलीच वेळ.

"मुखात चलात मा गो?" उथळ पाण्यात चालेल ना, याची त्यांनी खात्री करून घेतली.

"पत्रक वाचलात ना चाचा?" मी म्हटलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. जिभेवर होतं. पण मी होडी देऊन टाकली.

त्याच मुखाशी त्यांनी फळी वर घेतली. होडी आडवी सरकली, तिला रेटायला अब्बा उतरले, आणि तिच्या नि खडकाच्या मध्ये त्यांचा पाय आला. तो दवाखान्यात कापावा लागला.

बंदरावर सभा बसली. मेल्विन धावत आला होता. शबाना रडत नव्हती. तिने पत्रक माझ्यासमोर धरलं. "चालते, असं कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मेल्विनने."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही – वाट बघत होता, मी पुढे काही बोलेन म्हणून. किती वेळ दिला त्याने मला! मी जमिनीकडे बघत होते. मग त्यानेही मान खाली घातली. माझं नाव त्याने तेव्हा घेतलं नाही, नंतरही नाही.

कुणीतरी ठराव मांडला, मेल्विनची होडी या बंदरात लावू द्यायची नाही, आणि त्याच्या होडीत कुणी पाऊल ठेवायचं नाही. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा, म्हणाले.

मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी.