हवा काढलेल्या टाकीतले मोड

माझी वहिनी मोडवाली. कारखान्यात बिनसडीच्या तांदळाला मोड आणायचं काम तिचं, तेही हवा कोंडून. भिजवलेला तांदूळ पोलादी टाकीत भरायचा, झाकण लावायचं आणि नायट्रोजन सोडून आतला ऑक्सिजन हाकलायचा. दाण्याचा जीव घुसमटला की तो गाबा नावाचं द्रव्य जास्त साठवतो. त्यानं मन निवतं, झोप लागते, असं पाकिटावर छापतात. खरंखोटं छापणाऱ्यालाच ठाऊक. फार वेळ कोंडलं तर मात्र मोड मरतो, दाणा आंबतो.

आंबलं का, हे वासावरून कळतं. माझा दादा त्यात पटाईत. आधी त्या टाकीवर तोच होता. यंत्राच्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. "माझं नाक काय भाड्यानं आणलंय?" म्हणायचा. एकदा हवा खेळू न देताच त्यानं झाकण उघडलं आणि वास घ्यायला आत डोकं घातलं. नायट्रोजनला वास नसतो. दोन श्वासांत माणूस संपला.

त्याच्या जागी वहिनीला घेतलं. मी चिडले, "दुसरं कामच नाही का जगात?"

"ताई, ते तिथंच आहेत अजून," ती म्हणाली. "झाकण उघडलं की आत कुणीतरी श्वास ओढतं." 

दादा गेल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पार वाळून गेली होती. वहिनीनं तिच्यासाठी त्याच टाकीतला तांदूळ आणला. ज्या टाकीनं मुलगा गिळला, तिच्यातलंच आईला भरवायचं? मला संताप आला. पण वहिनी हट्टाला पेटली होती, "आई झोपल्या नाहीत तर त्याही जातील."

दुपारी तिनं तो मऊ शिजवून वाटी पुढे केली. आईनं वास घेतला. "ह्याला त्याच्या शर्टाचा वास येतोय," म्हणाली, आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

मग ती चक्क झोपली. गाबानं की रडून दमल्यानं, देव जाणे. वहिनी उशाशी बसून तिच्या छातीकडे बघत होती. एकाएकी तिनं आईला गदागदा हलवलं. "आई, उठा! श्वास घ्या!"

मी तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात आईनं डोळे उघडले. भिंतीकडे सरकून तिनं वहिनीला जागा केली. "तूच झोपली नाहीस ग इतके दिवस. ये, पड इथे. मी बघते तुझा श्वास."

वहिनी पडल्या पडल्या झोपली. आई तिच्या नाकाशी बोट धरून बसली. संध्याकाळ झाली तरी तिनं ते काढलं नाही.